फाट्यापासून घरापर्यंत सात थांबे

नाना, आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. उत्तर द्यायला तुम्ही नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होणार आहे.

काल तुमचा तेरावा झाला. जेवायला पंगती बसल्या होत्या आणि प्रत्येक पंगतीत तुमचीच चेष्टा चालली होती. दूध संस्थेच्या चेअरमनची गाय अख्ख्या गावात सगळ्यात कमी दूध द्यायची, हे सांगताना तुमचे जुने संचालक हसून हसून पाणी प्यायला उठले. मीही हसले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर बारसं आहे म्हणाला असता. मग तुमच्या कारभारणीने, गयामावशींनी, मला आत बोलावलं आणि एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मी तुमच्यावर इतकी चिडले आहे आणि इतकी खूश आहे की काय करावं कळत नाही.

पण ती शेवटी. आधी सगळं रीतसर होऊ द्या, तुम्हाला इतिवृत्त नीट लागायचं.

तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर बसलात ते बायपास होऊन महिना झाल्यावर. मी बीडच्या दवाखान्यात नवीनच लागले होते आणि हृदयाच्या रुग्णाचा व्यायाम स्वतः आखायची ती माझी पहिलीच वेळ. तुमच्या छातीशी उशी होती. खोकला आला की ती घट्ट धरायची, असं मोठ्या दवाखान्यात शिकवलेलं. तुम्ही ती एसटीतही सोडली नव्हती, कंडक्टरने तिचंही तिकीट मागितलं म्हणून तुम्ही आल्या आल्या तक्रार केलीत. मी हसले नाही. मला तेव्हा गंभीर दिसायची फार हौस होती.

"बरं होऊन काय करायचंय तुम्हाला?" मी विचारलं. कागदावर ती एक ओळ असते. लोक सांगतात, नातवंडं बघायची, देवाला जायचं. तुम्ही म्हणालात, "औंदा पाणी न्हाई, चारा न्हाई. संस्थेची छावणी उघडायची हाय फाट्यावर. अन् छावणी मोडंल तवा आमच्या चंद्रीला पायी घरी न्यायचंय."

"टेम्पो नाही का मिळत?"

"मिळतो की. छावणीत येताना जनावर टेम्पोनं आलं तरी चालतंय. पर घरी जाताना मालकानं दावं धरून न्यायचं अस्तंय. हिनं उंबऱ्यावर तिच्या पायावर पाणी घालायचं. आमच्या घरात दर दुष्काळाला असंच झालंय. मी न्हाई नेली तर तिला वाटंल, इकली मला."

मावशी शेजारी मान डोलावत होत्या. फाट्यापासून तुमचं गाव चार किलोमीटर, त्यातला अर्धा चढ. धारूरच्या बाजूचे डोंगर मी तोवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेले. तुम्हाला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन येताना भिंत धरावी लागत होती. मी त्या ओळीत लिहिलं, "गाय घरी नेणे." वरिष्ठांनी तो कागद दोनदा वाचला.

मग मी तुम्हाला तक्ता दिला. सकाळी सपाट रस्त्यावर सावकाश चालणे, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग पंधरा, मग वीस. आधी पाच मिनिटं अंग मोकळं करायचं, शेवटी पाच मिनिटं हळू चालून थांबायचं. हे तुम्हाला लगेच पटलं. "बैल जुपल्या जुपल्या कुणी पळवतंय का," असं तुम्ही मलाच समजावलंत. बाकी तक्ता वाचून म्हणालात, "पोरी, हे पुण्यात छापलंय का? आमच्याकडं माणूस कामाला जातंय, फिरायला न्हाई."

तरी तुम्ही वही घातलीत. तुमची ती वही अजून माझ्याकडे आहे. चेअरमनचं अक्षर, रोज एक ओळ. "शाळेपर्यंत जाऊन आलो." पुढच्या आठवड्यात, "पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो." त्याच्या पुढे, "वळणापर्यंत जाऊन आलो, प्रकृती उत्तम." मी ती वही दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवत फिरले. महिन्याने तुम्ही तपासायला आलात. सहा मिनिटांत किती अंतर चालता ते आम्ही मोजतो. मोजलं. पहिल्या वेळेपेक्षा एक पाऊल पुढे नाही. मी पुन्हा फरश्या मोजल्या. घड्याळ बदललं. तुम्ही खुर्चीत बसून दम खात होतात आणि वर बघत होतात, पंखा आवडल्यासारखे.

"नाना, वळणापर्यंत रोज जात होतात ना?"

"गेलतो की."

"पायी?"

तुम्ही उशी नीट केलीत. "पायी म्हणून तू कुठं लिव्हायला सांगितलंतं?"

मी वही पुन्हा उघडली. खोटं एक अक्षर नव्हतं. जाऊन आलो. जाऊन आलो. सगळ्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जाऊन आलो! सभेचं इतिवृत्त लिहिण्यात हयात घालवलेल्या माणसाने मला माझ्याच तक्त्यात गुंडाळलं होतं.

त्या दिवशी मी जे बोलले ते मला अजून टोचतं. माझा राग तुम्हाला नंतर पाठ झाला, पण ती पहिली वेळ होती. आधी म्हणाले, पुढच्या वेळी गाडीलाच पाठवा तपासायला. त्यावर तुम्ही हसलात. ते हसणं बघून माझं डोकं आणखी फिरलं आणि मी म्हणाले, "चंद्री टेम्पोनेच जाईल घरी. आणि तुम्हीही."

मावशींनी पिशवी उचलली. दारातून तुम्ही वळून "येतो" म्हणालात, तेवढंच. नाना, त्याची माफी मी कधी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं की तुम्ही दुसराच वाद उकरून काढायचात. आता मागते.

पुढच्या रविवारी मी तुमच्या गावी आले ते माफीसाठी नव्हे, रागाने. तुम्हाला माझ्यासमोर चालवणारच होते. आपण घरातून निघालो. शाळा यायच्या आत पहिली गाडी थांबली.

"नाना, पायी कावून? बसा, सोडतो."

"न्हाई रं, या मॅडम—"

"मॅडम बी बसतील मधी. बसा."

त्याला कसंबसं घालवलं तर दुसरा. "आवं, आपरेशन झालेला माणूस पायी हिंडतोय, गाव आमाला काय म्हणंल?" तिसऱ्याने तर इंजिन बंद करून तुमचा दंडच धरला. वळणापर्यंत अकरा गाड्या थांबल्या, नाना, मी मोजल्या. त्यांच्यात तुमच्याविरुद्ध निवडणूक लढलेल्या पॅनलचाही एकजण होता. तुम्ही त्याला नको म्हणालात तेव्हा त्याचा चेहरा पडला आणि तुम्ही माझ्या कानाशी आलात. "बघ. काल ह्याच्या चुलत्याच्या गाडीवर बसलोतो. आज ह्याला न्हाई म्हणलं. संध्याकाळपर्यंत गावात फूट पडती. चेअरमनला कुणाच्याच गाडीला न्हाई म्हणता येत न्हाई, पोरी."

तिथे रस्त्यात मला हसू फुटलं. आठवडाभर मी तुम्हाला लबाड समजत होते. चूक माझ्या कागदाची होती. ज्याला रस्त्यात कुणी ओळखत नाही अशा माणसासाठी मी तो लिहिला होता. तुमच्या गावात वडीलधाऱ्याला पायी जाऊ देणं म्हणजे त्याचा अपमान, आणि त्या मानापायी तुमचं हृदय जागच्या जागी बसून होतं.

छावणी तोवर उघडली होती. संस्थेच्या पडीक रानात जनावरांच्या नऊ लांब दावणी, वर हिरवी जाळी, टँकरभोवती चिखल. आणि फाटकावर तुमच्या सहीचा ठराव लावलेला: आत गाडी आणू नये, जनावरे बुजतात. तो कागद वाचून मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. फाट्यापर्यंत खुशाल जीपने या, मी म्हणाले. आतली वाट पायी.

तुमचा खरा तक्ता आपण तिथे केला, मातीत काडीने. पहिल्या आठवड्यात एक दावण जाऊन यायची. मग दोन. दावणीच्या टोकाला खुंटावर बसायचं. दर आठवड्याला एकेक दावण वाढवायची, पण आदल्या दिवशी पायाला सूज नसेल तरच, आणि ते ठरवणार मावशी. कडब्याच्या पेंढीला हात लावायचा नाही, छातीचं हाड जुळेपर्यंत. तुम्ही म्हणालात, "मंग चेअरमन कशाला म्हणायचं, सरपंचच म्हणा."

राहिला दमाचा प्रश्न. चालताना माणसाला बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा. सोपी चाचणी आहे, जगभर चालते, तुमच्यावर चालली नाही. दम लागला की तुम्ही वाक्यं आखूड करायचात आणि बोलतच राहायचात. "हाय." "बरं हाय." "लई बरं हाय." तोंडावर घाम आणि बोलणं चालूच. मी वैतागले होते, तेवढ्यात सकाळची हजेरी सुरू झाली. तुम्ही दावणीने चालत एकेका मालकाचं नाव घ्यायचात आणि तो जनावरापाशी उभा राहून "हाय!" म्हणायचा. ज्ञानेश्वर बाबासाहेब जायभाये. हाय! लक्ष्मण किसनराव आंधळे. हाय! बापाच्या नावासकट, आडनावासकट, एकही गाळायचं नाही, ही तुमची शिस्त. आणि मला सापडलं. पूर्ण नाव आखूड करता येत नाही.

नियम ठरला: चालता चालता पूर्ण नाव एका दमात. नाव मध्येच तुटलं की आहे तिथे बसायचं. दोन मिनिटं. मग पुढे.

पहिल्या दिवशी तुम्ही ज्ञानेश्वर बाबासाहेबांपाशीच बसलात आणि मी भर छावणीत टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, मॅडमला उन्हाची बाधा झाली.

आठवड्याने निरोप आला की तुम्ही एका फटक्यात पाच दावणी करताय. मी धावत आले. बघते तर काय, तुम्ही "ज्ञाने—" म्हणायच्या आत समोरून "हाय!" तुमचा दम वाचावा म्हणून सगळ्या छावणीने आपापसात ठरवून नावं तोडली होती. मी तुमच्याकडे नुसतं बघितलं. तुम्ही खुंटावर उभे राहिलात आणि ओरडलात, "बापाचं नाव घेऊ द्या बे! पुरं होऊ द्या नाव! मला बरं व्हायचंय का तुमाला?" म्हशी दचकल्या. त्या दिवसापासून पूर्ण नाव झाल्याशिवाय कुणी हूं की चूं केलं नाही. मावशी सांगतात, लोक घरी सुनेला हाक मारतानाही पूर्ण नाव घ्यायला लागले होते.

मे महिन्यापर्यंत नऊ दावणी झाल्या. सहा मिनिटांच्या चाचणीत तुम्ही कॉरिडॉर संपवून जिन्यापर्यंत गेलात आणि वळायचं विसरलात. गाडीवाल्यांना नाही म्हणायची युक्तीही तोवर तुम्हाला सापडली होती, "बाईचा हुकूम हाय." सगळं माझ्यावर ढकललंत. गावात माझी कीर्ती कडक सासूसारखी झाली आणि फूट पडली नाही.

राहिला चढ. फाट्यापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत मी स्वतः चालले, हातात चुन्याचा डबा. जिथे माझा दम वाढला त्याच्या जरा अलीकडे दगडावर पांढरी खूण केली. सात खुणा. पहिली निंबापाशी, सातवी गावाच्या कमानीच्या खाली. तुम्ही जीपमधून माझी मजा बघत होतात. "गंगथडीची पोरगी! तुमच्या सपाट गेवराईला चढ म्हंजे घराची पायरी! तुझ्या दमावर माझे थांबे ठरवती का?" मी धापा टाकत सांगितलं, सातही ठिकाणी बसायचं, दोन दोन मिनिटं. तुम्ही म्हणालात बघू. मी म्हणाले बघू नाही, शब्द द्या. तुम्ही चुन्याच्या खुणा बघत म्हणालात, "लोकांला वाटंल, रस्ता मंजूर झाला."

शब्द दिला नाहीत.

पुढे रानात चारा वर आला आणि छावणी मोडली. त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. दुपारभर मी तीन रुग्णांना चुकीच्या नावाने हाक मारली. तुम्ही दावं धरून निघाला असाल, कितव्या खुणेला असाल, बसला असाल का, की चेअरमन रस्त्यात दगडावर बसलेला दिसायला नको म्हणून... पाच वाजता फोन आला.

"पोचलो पोरी! चंद्री उंबऱ्यात हाय. हिनं पाणी घातलं पायावर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि थांबे?"

"कसले थांबे? एका दमात!"

मी फोनवर काय काय बोलले ते आजूबाजूच्या वॉर्डातही कळलं. तुम्ही मनापासून हसत होतात.

आणि तेच पुढे चालू राहिलं. दर सहा महिन्यांनी तुम्ही तपासायला यायचात. नाडी बघायच्या आत मी, "सात थांबे." तुम्ही, "एक बी न्हाई." मी चिडायची, तुम्ही खुलायचात. चंद्री म्हातारी होऊन गेली, तिच्या कालवडीची कालवड आली, माझं लग्न झालं, तुम्ही आहेराला देवणी गाईचं तूप आणलंत आणि मांडवातच माझ्या नवऱ्याला सांगितलंत, "जावईबापू, ही म्हणती सात. एकच दम होता."

तुम्हाला वाटायचं गंमत आहे. माझी गंमत नव्हती, नाना. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. नव्या मुलामुलींना मी छावणीची गोष्ट शिकवते, दावणी, हजेरी, पूर्ण नाव. रुग्णाचा रस्ता डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागद लिहायचा नाही, हे त्यांच्याकडून घोकून घेते. पण शेवटच्या दिवसाशी आले की मी विषय बदलायची. कारण शेवटच्या दिवशी माझी आखणी मोडून तुम्ही चढ चढलात आणि वाचलात ते नशिबाने, असंच मी धरून चालले होते. माझा पहिला कार्यक्रम, आणि त्याचं शेवटचं पान माझं नव्हतं. नंतर प्रत्येक चढ असलेल्या गावच्या माणसाला घरी पाठवताना मला तुमचं "एका दमात" ऐकू यायचं आणि मी एक खूण कमी करू की एक वाढवू यात अडकायची.

काल मावशींनी मला आत बसवलं. हातात चहा दिला. म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय, बाई. ह्यांनी शपथ घातलीती मला. आता ते न्हाईत, तर शपथ बी फिटली."

"काय?"

"सात ठिकाणी बसलेते."

मला काही कळेना.

"मी संगं होते की. हे पुढं, चंद्री, अन् मी मागं. एकेका दगडापाशी हे बसायचे, घड्याळ बघून. चंद्री घराच्या वढीनं पुढं रेटायची, हे दावं पायात धरून बसायचे. कुणी आलं गेलं की म्हणायचे, गाय दमली. पाचव्या दगडापाशी तर चार मिनिटं बसले. म्हणले, पोरीनं इथं खूण जरा वर केली, खाली पायजे हुती."

नाना, पाचवी खूण खरंच वर झाली होती. तिथे सावली होती म्हणून मी वर केली. आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

"मग खोटं कशाला बोलले?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तेराव्याच्या घरात.

मावशी हसल्या. पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. "म्हणायचे, भांडण मिटलं तर पोरगी मला बरा झाला म्हणंल, अन् दुसरा पेशंट बघंल. भांडण हाय तवर माझी वाट बघती. बीडला जायच्या दिवशी पहाटे उठून दाढी करायचे, बाई. म्हणायचे, आज ती चिडणार हाय."

धन्य आहे तुमची. पहिल्या वेळी चालला नाहीत आणि चाललो असं वाटू दिलंत. दुसऱ्या वेळी सगळं माझ्या शब्दाबरहुकूम केलंत आणि मला अकरा वर्षं वाटू दिलंत की काही केलं नाही. वहीत त्याची एकही ओळ लिहून ठेवली नाहीत. आणि मी, एवढी शिकलेली, तुमच्या नाडीवरून सगळं ओळखणारी, तुम्ही दाढी करून आलात हे मला एकदाही दिसलं नाही.

परतताना तुमच्या मुलाने गाडी काढली. मी नको म्हणाले. कमानीच्या खाली आले तोवर तीन मोटारसायकली थांबल्या होत्या. "मॅडम, पायी कावून? बसा." मी सगळ्यांना एकच सांगितलं, नानांचा हुकूम आहे. तिघांनीही गाड्या पुढे घेतल्या.

सातवी खूण अजून आहे. पावसाने धुतली गेली असेल असं वाटलं होतं, पण कुणीतरी दरवर्षी चुना लावतंय. मावशींना विचारायचं राहिलं, पण मला माहीत आहे कोण.

उताराचा रस्ता होता. दम लागायचं काही कारण नव्हतं. मी चालता चालता हजेरी घेतली, मोठ्याने, तुमच्या शिस्तीत. पहिलं नाव तुमचंच. रंगनाथ तुळशीराम—

पुढचं आलं नाही. मग मी आपल्या नियमाप्रमाणे त्या दगडावर बसले, दोन मिनिटं.